अंदमानच्या टूरमधून शामासाठी एक सकाळ कशी काढायची

आपली इंदूरची मराठी मंडळी अंदमानला जातात ती सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायला, मग हॅवलॉक, नील ही बेटं, थोडी शॉपिंग आणि परत. अंदमानी शामा हा गाणारा पक्षी जगात फक्त तिथेच, पण टूरच्या प्रोग्रॅममध्ये तो नसतोच, त्यामुळे एक सकाळ आपल्यालाच काढावी लागते.

जायचं मार्चअखेर, पाऊस नसतो. तयारी मात्र घरूनच. आपला दयाळ माहितीये ना, काळा-पांढरा, सारखी शेपटी वर करणारा, तो शामाचा भाऊबंद. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आटपली की पहाटे कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर बसून गातो, हफ्ताभर चहा घेऊन गच्चीत बसा नि नुसतं ऐका. हे यासाठी की दयाळ अंदमानातही आहे, आणि शामा दाट झाडीत खाली अंधारात बसतो, म्हणजे आधी कानाने शोधायचा. आवाज दयाळासारखाच पण जास्त भरीव, बासरीच्या अंगाचा.

जागा चिडियाटापू, पोर्ट ब्लेअरपासून साधारण 25 किलोमीटर. टूरवाले तिथे सूर्यास्ताला नेतात, ती वेळ आपल्या कामाची नाही. घड्याळ तेच असलं तरी तिकडे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो, मार्चात साडेपाचच्या आत, म्हणून टॅक्सी साडेचारची सांगा, आदल्या रात्री परत एकदा फोन करून. मी पहिल्या वेळी इंदुरी हिशोबाने पोहे-बिहे खाऊन आठला पोचलो, जंगल चिडीचूप!

गाणं ऐकू आलं की तिथेच थांबा, पाचोळ्यावर पाय वाजवू नका. पंखावर पांढरा पट्टा दिसला तर तो दयाळ. शामाचे पंख काळेच, पांढरं ते शेपटीच्या मुळाशी पाठीवर. सह्याद्रीतल्या शामाचं पोट नारिंगी असतं, याचं पांढरं, तांबूस रंग फक्त मागे शेपटीखाली. आधी दोघांना एकच जात धरायचे. दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरे, मोबाइलने फोटो येत नाही, नाद सोडा.

आणि प्लीज, मोबाइलवर त्याचं रेकॉर्डिंग वाजवू नका. दुसरा नर घुसला समजून बिचारा गाणं-खाणं सोडून भांडायला येतो.

साडेसातला निघालात तर हॉटेलात पोचेपर्यंत ग्रुप नाश्त्याच्या लाइनीतच असतो.