मासेमारीच्या रीलचा ड्रॅग आवळून ठेवताय? या चुका टाळा

मोठा मासा लागला, रॉड कमानीसारखा वाकला आणि खाडकन लाइन तुटली की सगळ्यात आधी शिव्या बसतात तंगुसाला, म्हणजे त्या लाइनला. डुप्लिकेट माल होता म्हणे. खरं तर बऱ्याचदा लाइन चांगलीच असते, ड्रॅग जाम आवळून ठेवलेला असतो.

ड्रॅग म्हणजे काय, तर ठरावीक ताणाच्या वर मासा ओढायला लागला की स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) घसरत फिरावा आणि लाइन बाहेर जावी यासाठी रीलमध्ये केलेली सोय. आत चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या असतात, काही धातूच्या, काही फेल्टच्या किंवा कार्बनच्या, आणि नॉब फिरवला की त्यांच्यावरचा दाब कमीजास्त होतो, बास. स्पिनिंग रीलला (गुंडाळताना स्पूल स्थिर राहतो ती) हा नॉब स्पूलच्या डोक्यावर असतो, काहींना मागच्या बाजूला, आणि बेटकास्टरला (गुंडाळताना स्पूलच फिरतो ती रील) हँडलच्या बुडाशी चांदणीच्या आकाराचं चाक असतं. माशाला जागच्या जागी थांबवणं हे त्याचं काम नाहीच, पळू देऊन दमवणं हे काम आहे.

आता बॉक्सवर "मॅक्स ड्रॅग ८ किलो" असं छापलेलं असतं ते वाचून लोक खूश होतात आणि नॉब पिळून टाकतात. अहो तो आकडा रीलची ताकद सांगतो, तुमच्या लाइनची नाही. ड्रॅग लावायचा तो लाइन बघून, तिच्या तुटायच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. म्हणजे लाइनवर १० पौंड लिहिलंय तर ती साधारण साडेचार किलोची झाली, मग ड्रॅग १.१ ते १.५ किलोच्या मधे कुठेतरी. एवढा कमी का, तर गाठ मारली की तिथे लाइनची ताकद कमी होतेच, वर माशाचे झटके, वर कुठे दगडाला घासलेली असली तर बघायलाच नको.

हे हाताने रीलजवळ लाइन ओढून "हां, बरोबर वाटतंय" असं ठरवू नका. लाइन रॉडच्या सगळ्या रिंगांमधून काढा, टोक हुकवाल्या वजनकाट्याला बांधा, काटा कोणाला तरी धरायला द्या किंवा खांबाला अडकवा, रॉड साधारण ४५ अंशात उचलून हळूहळू ताण द्या आणि स्पूल घसरायला लागेल तेव्हाचा आकडा वाचा. वाकलेल्या रॉडच्या रिंगांना लाइन घासते त्यामुळे रीलजवळ जेवढा ताण वाटतो त्यापेक्षा काट्यावर जास्त येतो, आणि माशाबरोबर खेळताना खरा ताण हाच असतो.

दुसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते. मासा लांब पळाला, स्पूल रिकामा होत चालला की माणूस घाबरतो आणि नॉब आवळतो. नेमकं उलटं करायला हवं, कारण स्पूलवरची लाइन संपत येते तसा तिचा घेर कमी होतो आणि नॉबला हातही न लावता ताण आपोआप वाढत जातो, घेराचा व्यास अर्धा झाला तर ताण दुप्पट! अशा वेळी नॉब जरा सैल करा, आणि थोडा जोर हवाच असेल तर स्पूलच्या कडेला बोट टेकवा, बोट लगेच उचलता येतं.

ड्रॅग करकर वाजतोय, लाइन बाहेर जातेय आणि तरी हँडल फिरवत बसणं हेही बंद करा. स्पिनिंग रीलवर मासा येत तर नाहीच, वर लाइनला पीळ बसतो, ५.२:१ गिअरच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्यात पाचेक पीळ. मग पुढच्या वेळी गळ फेकताना गुंता झाला की परत लाइनच वाईट. रॉड उचलून मासा जवळ आणा, रॉड खाली नेताना गुंडाळा.

कधी कधी नॉब घट्ट असूनही लाइन सुटत राहते आणि ड्रॅगचा आवाज पण येत नाही. स्पूलकडे नीट बघा, तो जागेवर असतो आणि वरची ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन सगळीच्या सगळी त्याच्यावर गरगरत असते. ही लाइन गुळगुळीत असते, धरत नाही, म्हणून खाली आधी थोडी नायलॉन गुंडाळायची. आणि हँडलच उलटं फिरत असेल तर ते वेगळं प्रकरण, अँटी रिव्हर्सचा (हँडल उलटं फिरू न देणारा) खटका बंद राहिलाय का ते बघा.

ड्रॅग अडकत अडकत, झटके देत सुटत असेल तर चकत्या घाण झाल्यात किंवा दबून चिकटल्यात. तिथे कुठलाही गंज काढायचा स्प्रे मारू नका, पुसून साफ करा आणि चकत्यांना चालत असेल तर ड्रॅगसाठीचं ग्रीस अगदी पातळ लावा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रॅग आवळूनच रील गोड्या पाण्याने हलकं धुवा म्हणजे पाणी आत जात नाही, मग वाळवताना आणि ठेवून देताना नॉब पूर्ण सैल.

एक राहिलं. फ्लाय फिशिंगवाले "ड्रॅग येतोय" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांचा रीलशी संबंध नसतो, प्रवाहाने लाइन ओढल्यामुळे माशी, म्हणजे त्यांचं माशीसारखं खोटं आमिष, पाण्यावर विचित्र सरकतेय एवढंच सांगत असतात, तेव्हा त्यांचा सल्ला वाचून नॉब फिरवायला जाऊ नका.