साठीनंतर कोलेस्टेरॉल उतरवायचे ठरवल्यास: आधी करायची तयारी

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की बहुतेक घरांत पहिली गदा तुपावर येते आणि दुसरी अंड्यावर. मग पंधरवडाभर कडक पथ्य चालते आणि एखाद्या लग्नकार्यात ते मोडते. पथ्य टिकवायचे असेल तर ते सुरू करण्यापूर्वीचा आठवडा निव्वळ तयारीसाठी राखून ठेवावा.

सुरुवात रिपोर्टपासून करावी. एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा बाजूला ठेवून एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) हे तीन आकडे वेगवेगळे पाहावेत, कारण त्यांवरचे उपाय एक नाहीत. एलडीएलवर आहारातल्या स्निग्धांशाच्या (तेल-तुपाच्या) प्रकाराचा आणि विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंचा परिणाम होतो. ट्रायग्लिसराइड्स मात्र साखर, मैदा, वाढीव भात आणि मद्य यांनी चढतात आणि चालण्याने, वजन घटवण्याने उतरतात. एलडीएल १०० च्या खाली असावे असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते, पण ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी ही मर्यादा ७० किंवा त्याहूनही खाली असते. म्हणून आपले स्वतःचे लक्ष्य डॉक्टरांकडून रिपोर्टवरच लिहून घ्यावे. त्याच भेटीत थायरॉइडची टीएसएच तपासणी झाली आहे ना, हे विचारावे. थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते, आणि तसे असेल तर सारे पथ्य पाळूनही आकडा फारसा हलत नाही.

आहारातून किती अपेक्षा ठेवायची, तेही आधीच ठरवावे. नेटाने केलेल्या बदलांनी एलडीएल साधारण दहा ते पंधरा टक्के उतरते, म्हणजे १६० चे १४० च्या आसपास येते. स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी चालू असेल तर पथ्य सुरू केले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये.

यानंतर स्वयंपाकघराकडे वळावे, आणि तिथे सर्वांत आधी तेलाचा हिशेब मांडावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठी दिनचर्या असलेल्या पुरुषाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरून घातलेले तेल-तूप पुरते. दोघांच्या घरात हे महिन्याला सुमारे दीड लिटर होते. महिन्याच्या एक तारखेला एवढे तेल वेगळ्या बाटलीत मोजून ठेवावे, तुपाचा वाटा त्यातून आधीच वजा करावा आणि बाटली कोणत्या तारखेला रिकामी होते ते पाहावे. ती वीस तारखेलाच संपली, तर फोडणीइतकाच पोळीला लावलेल्या तेलाचा आणि रविवारच्या तळणाचाही वाटा त्यात असतो. कढईत पळीने तेल ओतण्याऐवजी चहाचा चमचा वापरला तरी निम्मे काम होते. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यांपैकी कोणतेही तेल चालेल. पामतेल आणि वनस्पती तूप मात्र टाळावे.

खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद (एलडीएल वाढवणारा स्निग्धांश) असतो, म्हणून कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांना हा हिशेब थोडा अवघड जातो. तिथे नारळ हद्दपार करा असे सांगणे निरर्थक आहे. त्याऐवजी सोलकढीच्या जागी काही दिवस नारळाचे दूध न घातलेली फुटी कढी करावी, आणि बांगडा किंवा तारली तळण्याऐवजी तिखले करावे, ज्यात तेल कमी आणि वाटणही बेताचे लागते. वरणभातावरचे चमचाभर तूप हिशेबात धरले तर त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. खरी गळती चहाच्या वेळेला होते. खारी, बटर, नानकटाई, फरसाण यांतले तेल-तूप कोणाच्याच मोजणीत येत नाही. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (वनस्पती तुपात आढळणाऱ्या घातक मेदावर) दोन टक्क्यांची मर्यादा आली असली, तरी संपृक्त मेदाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

काढून घेतलेल्या पदार्थाच्या जागी काय यायचे, तेही त्याच दिवशी घरात आणून ठेवावे. रिकामा डबा पुन्हा खारीनेच भरतो. मूग, मटकी, चवळी, राजमा, जव आणि ओट्स यांत विद्राव्य तंतू असतात. ओट्समधून किंवा जवातून रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन (त्यांतला विद्राव्य तंतू) मिळाल्यास एलडीएल काही प्रमाणात उतरते. त्यासाठी कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम लागतात, आणि ते पोळी-भाताच्या ऐवजी खायचे असतात, त्यांच्या जोडीला नव्हे. इसबगोल घ्यायचे असेल तर पेलाभर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून दोनएक तास दूर ठेवून घ्यावे. म्हशीच्या दुधाऐवजी डबल टोन्ड दूध घ्यावे, बदामांची किंवा अक्रोडांची लहान मूठ ठेवावी.

या वयात दातांकडे दुर्लक्ष होते. कवळी सैल झालेला माणूस उसळ चावू शकत नाही आणि नकळत चहात बुडवलेल्या बिस्किटांवर येतो, म्हणून कवळी आधी दुरुस्त करून घ्यावी किंवा कडधान्ये मऊ शिजवून कढणाच्या रूपात द्यावीत. उपवासाचाही विचार करून ठेवावा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाही नाही. राजगिरा किंवा वरी बरी.

व्यायामापूर्वी रक्तदाब तपासून घ्यावा, आणि जिना चढताना छातीत दाटते किंवा दम लागतो का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. आठवड्याला १५० मिनिटांचे चालणे हे उद्दिष्ट असले तरी पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेशी आहेत. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग ठेवावा. जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करावा, आणि तोल सांभाळण्यासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहावे. चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही, हे माहीत असलेले बरे. लाभ ट्रायग्लिसराइड्स, साखर आणि रक्तदाब यांना अधिक होतो. बूट पायाला नीट बसणारे घ्यावेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर जाण्यापेक्षा इमारतीच्या व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असल्यास खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. छातीत, जबड्यात किंवा हातात दुखू लागले तर थांबावे आणि तातडीने मदत मागवावी. स्टॅटिन घेणाऱ्यांना दोन्ही मांड्यांत सारखे आणि न ओसरणारे दुखणे जाणवले, तर ते चालण्याचे श्रम समजून दडवू नये.

पहिल्या दिवशीचे वजन आणि कंबरेचे माप लिहून ठेवावे. सत्तरीनंतर पथ्याच्या नावाखाली जेवण तोडले की चरबीबरोबर स्नायूही जातात. स्वतःहून न ठरवता वजन घटू लागले तर पथ्य थांबवून डॉक्टरांकडे जावे.

शेवटी, पुढच्या तपासणीची तारीख आजच ठरवावी. ती आठ ते बारा आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास काही न खाता करावी; साधे पाणी चालते. नुकताच ताप येऊन गेला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर आजारपणात एलडीएल तात्पुरते उतरलेले दिसते, म्हणून तपासणी काही आठवडे पुढे ढकलावी.