जनुकांचा झेड-स्कोअर काढताना सरासरी कोणाची घ्यायची?

झेड-स्कोअर म्हणजे एखादं मूल्य सरासरीपासून किती हटलंय याचं माप. कर्करोगाच्या गाठीच्या आणि निरोगी ऊतींच्या नमुन्यांची टीपीएम मूल्यं (प्रत्येक जनुक किती सक्रिय आहे ते सांगणारे आकडे) तुमच्या हाताशी आहेत, असं धरतो. प्रत्येक मूल्यात १ मिळवून २ च्या पायाचा लॉग घ्या. टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय प्रकल्पाचा डेटा असेल तर बारकोडमधल्या (नमुन्याच्या ओळख-क्रमांकातल्या) नमुना-प्रकाराच्या आकड्यावरून गट पाडा: ०१ म्हणजे प्राथमिक गाठ, ११ म्हणजे निरोगी ऊती.

सूत्र शाळकरी आहे. नमुन्याच्या मूल्यातून सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने (मूल्यं सरासरीभोवती किती पसरलीत त्या मापाने) भागायचं, प्रत्येक जनुकासाठी वेगळं. पण सरासरी कोणाची? बहुतेक लेख इथेच गप्प बसतात, आणि मी इथेच आपटलो होतो. सगळे नमुने एकत्र करून मी सरळ स्केल फंक्शन चालवलं, म्हणजे सरासरी आणि विचलन सगळ्यांचं मिळून घेतलं गेलं. सगळ्या गाठींत वाढलेलं जनुक मला शून्याच्या आसपास दिसायला लागलं आणि चूक मी प्रयोगशाळेत शोधत बसलो.

समजा, एका जनुकाची निरोगी मूल्यं ४.८, ५.० आणि ५.२ आहेत. सरासरी ५, प्रमाण विचलन ०.२. गाठीतलं मूल्य ८ असेल तर स्कोअर १५ येतो. आता सरासरी गाठींचीच घेतली, ती ८.१ निघाली आणि विचलन १ असलं, तर त्याच नमुन्याचा स्कोअर उणे ०.१! दोन्ही गणितं बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. ‘निरोगी ऊतींपेक्षा किती हटके?’ असं विचारायचं असेल तर सरासरी आणि विचलन दोन्ही निरोगी नमुन्यांचीच घ्या. सरासरी एका गटाची आणि विचलन दुसऱ्याचं, असली खिचडी करू नका.

आणि १५ म्हणजे पंधरापट नव्हे. लॉगमधला फरक ३ आहे, म्हणजे वाढ साधारण आठपट. स्कोअर एवढा फुगला तो विचलन चिमुकलं म्हणून. तीन नमुन्यांवरच्या विचलनावर मी तरी विसंबणार नाही. इथे ते फक्त हिशेब दिसावा म्हणून घेतले.

निरोगी नमुने दुसऱ्याच प्रकल्पातून उसने आणलेत? मग प्रयोगशाळांमधला फरकही आजार म्हणून मोजला जाईल.

विचलन काढताना भाजक नमुनासंख्येपेक्षा एकने कमी हवा. आर ही भाषा आणि पायथनमधलं पांडाज तसंच करतात, पायथनचंच नमपाय आपणहून करत नाही.

निरोगी ऊतीत जवळपास मुकी (म्हणजे मूल्य शून्याच्या आसपास) असलेली जनुकं आधीच गाळा. तिथे विचलन शून्य निघतं किंवा नगण्य, आणि क्षुल्लक वाढीलाही पन्नासचा स्कोअर मिळून तेच जनुक यादीत पहिलं येतं.