थॉम्प्सन-व्हीलर वाचायला घेताना

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी आयर्लंडमधला सुरुवातीचा समाजवाद आणि स्त्रीमुक्ती हा विषय घेतला, तेव्हा जो तो म्हणायचा, आयरिश कामगार नेता जेम्स कॉनलीपासून सुरू कर. कॉनली वाचायलाच हवा. कामगार भांडवली समाजाचा गुलाम आणि कामगार बाई त्या गुलामाची गुलाम, हे त्याने १९१५ मध्ये लिहिलंय. पण नव्याने शिरणाऱ्यांना मी सांगेन, थेट १८२५ गाठा. त्या वर्षी कॉर्कच्या विल्यम थॉम्प्सनचं स्त्रियांच्या बाजूने केलेलं ‘अपील’ लंडनला छापून आलं.

त्याआधी ब्रिटिश विचारवंत जेम्स मिलचा शासनावरचा लेख काढा. सगळा नको, स्त्रियांबद्दलची ओळ पुरे: त्यांचं हित बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या हितात सामावलेलंच असतं, म्हणून मताधिकारातून त्यांना वगळलं तरी बिघडत नाही! ‘अपील’ म्हणजे या एका ओळीवरचं पुस्तकभर उत्तर. मधली पानं वकिली थाटाची आहेत, कंटाळा येतो. तिथे भरभर पुढे सरका.

शेवटाकडे मात्र थांबा. बहुतेक जण मताधिकार आणि विवाहकायदा एवढंच टिपून घेतात आणि खरा मुद्दा हातचा जातो. थॉम्प्सन म्हणतो, कायदे उद्या समान झाले तरी जोवर जो तो दुसऱ्याशी स्पर्धा करून पोट भरतोय, तोवर बाळंतपण आणि मुलांचं संगोपन यांपायी बाई मागेच पडणार. म्हणून सहकारी वसाहती हव्यात: श्रम सामाईक, मुलांची जबाबदारी सगळ्यांची. हे लिहिणारा स्वतः कुळांच्या खंडावर जगणारा जमीनदार. पुढच्या, १८२७ च्या पुस्तकावर लेखक म्हणून त्याने ‘आळशी वर्गापैकी एक’ असं छापलं. मला हा माणूस तिथेच आवडला.

आणि या जोडीतली दुसरी, ॲना व्हीलर? टिपेररीतल्या पाद्र्याची मुलगी, कोवळ्या वयात लग्न, दारुडा नवरा. १८१२ मध्ये मुलींना घेऊन घराबाहेर पडली. ‘अपील’च्या मुखपृष्ठावर नाव एकट्या थॉम्प्सनचं, पण पुस्तकाच्या सुरुवातीला तिला लिहिलेल्या पत्रात तो स्वच्छ कबूल करतो की विचार तिचे आहेत आणि काही पानं तर तिनेच लिहिलीत. ते पत्र वगळू नका. लंडनमधलं तिचं स्त्री-हक्कांवरचं व्याख्यान १८३० मध्ये ‘ब्रिटिश को-ऑपरेटर’ या नियतकालिकात छापलं गेलं, तेही मिळवा, थॉम्प्सनपेक्षा धारदार आहे.

प्रबंधात मी लेखक म्हणून दोघांची नावं दिली. मार्गदर्शक कुरकुरले, पण त्या पत्रातला उतारा तळटीपेत घातल्यावर गप्प बसले.