मस्कीसाठी ॲल्युमिनियमची बोट निवडताना

मस्की म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, आणि त्याच्या मासेमारीत बोटीची खरी परीक्षा शेवटच्या आठ-दहा फुटांत होते. हा मासा आमिषाचा पाठलाग करत थेट बोटीच्या काठापर्यंत येतो आणि आमिष थांबले की वळून निघून जातो. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडचे टोक पाण्यात बुडवून आमिषाने मोठा आठचा आकडा काढायचा, अशी इथली रूढ पद्धत आहे (आठ इंग्रजी, आपला नव्हे, आपल्या आठात मासा वळवायला जागाच नाही). मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा ओंटारियोत राहणाऱ्या आणि गळाचा नाद लागलेल्या मराठी वाचकाने बोट पाहायला जाताना हा आकडा डोक्यात ठेवावा. लांबी, इंजिन आणि रंग यांचा विचार त्यानंतर करावा.

विक्रेत्याकडे जाताना स्वतःचा नऊ फुटी रॉड सोबत न्यावा. थोडे हसू होते, पण ते सोसावे. ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीच्या पुढच्या डेकवर चढून डाव्या, उजव्या आणि समोरच्या बाजूला हवेतच आठ काढून पाहावा, आणि मग हीच कसरत मागच्या डेकवरून करावी. बोट हळू सरकवायच्या पुढच्या विजेच्या मोटरचे डोके, काच, खुर्चीचा खांब, दोर बांधायची खुंटी किंवा रॉड अडकवायचा स्टँड यांपैकी जे जे आड येईल, ते संध्याकाळच्या अंधारात तिप्पट आड येणार आहे. पुढचा डेक उंच असला की पाण्यात दूरवर दिसते आणि फेकही लांब जाते, परंतु लाट उठली की उंच डेकवर उभ्या माणसाचा तोल जातो आणि रॉडचे टोक पाण्यात खोल नेण्यासाठी कमरेतून वाकावे लागते. डेकभोवतीचा काठ निदान पोटरीपर्यंत यावा आणि पायाला त्याचा आधार मिळावा, एवढी खोली मला पुरेशी वाटते. मागच्या बाजूला बहुतेक बोटींत दुमडत्या खुर्च्या असतात आणि त्या मिटल्या की फेकीसाठी सपाट जागा तयार होते. त्या मिटून त्यांवर उभे राहावे आणि पाय जरा हलवून पाहावा. डुगडुगणारे झाकण असेल तर जोडीदार दिवसभर तिथे उभा राहणार नाही.

समोरच्या काचेचा प्रश्न सर्वांत वादाचा आहे. दोन्ही बाजूंनी पूर्ण काच असलेली बोट नोव्हेंबरच्या गारठ्यात आणि मोठ्या तलावावरच्या लांब प्रवासात अंगाला ऊब देते, यात शंका नाही. पण तिच्यामुळे बोटीचे दोन तुकडे होतात आणि मधली वाट अरुंद राहते. माझी पहिली बोट अशीच होती. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी पुढे डाव्या बाजूला मासा लागला, हातजाळे मागे पडलेले होते आणि जोडीदार ते घेऊन धावत आला. दांडा काचेच्या फटीतून निघाला, पण जाळ्याची जाळी कप्प्याच्या कडीत अडकली. ती सोडवेपर्यंत माशाने दोनदा डोके झटकले आणि तो गेला. तेव्हापासून सतरा-अठरा फुटी बोटीसाठी मी एका बाजूला छोटे कन्सोल (बोट चालवायचे चाक बसवलेला खण) असलेली रचना सुचवतो. केवळ मांडणीचा विचार केला तर मागे बसून हाताने इंजिनाचा दांडा धरून चालवायची टिलर बोट सर्वांत मोकळी असते, फक्त वाऱ्यापावसाचे सगळे फटके चालवणाऱ्यालाच खावे लागतात.

ॲल्युमिनियमच्या बहुतेक मासेमारी बोटी या भागात वॉलाय या माशासाठी आखलेल्या असतात आणि कॅटलॉगमधली वर्णनेही त्याच नजरेने लिहिलेली असतात, हे एकदा ध्यानात आले की बरीच फसगत टळते. मासे जिवंत ठेवण्याच्या टाक्या दोन आहेत म्हणून विक्रेता भाव वाढवतो, पण मस्कीवाल्याला त्यांचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. मिनेसोटातील बहुतेक पाण्यांत ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही आणि त्याहून मोठाही बहुतेक जण सोडूनच देतात. टाकी मागच्या डेकखाली असेल तर तिच्यात रेनकोट तरी मावतात, पण ती मधल्या मोकळ्या फरशीची जागा खात असेल तर ती बोट सोडून द्यावी. रॉडच्या कप्प्याचेही तसेच आहे. मस्कीचे रॉड साडेआठ ते साडेनऊ फुटांचे आणि बहुधा एकसंध असतात, तर अनेक कप्प्यांतल्या नळ्या सात-साडेसात फुटांवर संपतात. छापील मापावर विसंबू नये, टेप आत घालून स्वतः मोजावे. आमिषे वीतभर ते हातभर लांब असतात आणि प्रत्येकाला दोन-तीन त्रिशूळी गळ लटकलेले असतात. ती उभी टांगून ठेवायच्या पेट्या खोल लागतात, म्हणून कप्प्याची खोली आणि झाकण किती उघडते हे दोन्ही पाहावे.

फरशीवर गालिचा नको. तो चांगला दिसतो, पायाला मऊ लागतो आणि आवाजही दबवतो, परंतु त्रिशूळी गळ त्यात रुतला की पक्कडीने उपटून काढावा लागतो आणि माशाचा चिकट द्रव सुकल्यावर त्याचा वास हंगामभर जात नाही. व्हिनाइलची फरशी बादलीभर पाण्याने स्वच्छ होते. थंडीत तिच्यावर बर्फाचा थर धरतो, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट घालावेत.

मधल्या फरशीवर हातजाळे आडवे ठेवायला जागा हवी आणि त्याच्या वाटेत खुर्चीचा खांब नको. मासा जाळ्यात आला की त्याला वर ओढत नाहीत. जाळे पाण्यातच ठेवून, काठावरून वाकून गळ सोडवतात. लांब नाकाची पक्कड आणि गळ कापायचा कटर दोन्ही काठांवरून हाताला लागेल असा कप्पा म्हणूनच मोलाचा ठरतो. फरशीवर गुडघे टेकून, बगल काठावर ठेवून हात खाली सोडला तर तो पाण्यात कोपरापर्यंत जाईल का, हे ट्रेलरवर समजत नाही. बोट वापरलेली असेल तर तळावरच्या शेवाळाच्या रेषेवरून पाण्याची पातळी कळते आणि तिथपर्यंत हात नेऊन पाहता येतो. काठ उंच असला की लाटेत सुरक्षित वाटते, पण मासा सोडवताना पाठ दुखते. दोन्ही गोष्टी एकाच बोटीत पुरेपूर मिळत नाहीत.

तळाचा आकार पाण्यावरून ठरवावा. मिनेसोटातला मिल लॅक्स तलाव सुमारे २०७ चौरस मैलांचा असूनही जेमतेम ४२ फूट खोल आहे आणि मिशिगनचा सेंट क्लेअर तर त्याहून मोठा आणि त्याहून उथळ. अशा पाण्यात वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि तिथे अठरा-एकोणीस फुटांची, रुंद आणि खोल व्ही आकाराच्या तळाची बोटच हवी. विस्कॉन्सिनच्या चिपेवा फ्लोएज या जलाशयासारख्या पाण्यात, जिथे बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि तरंगती दलदल आहे, किंवा लहान तलावांत सोळा-सतरा फुटांची सपाटसर तळाची बोट सोयीची पडते. बुंधे आणि खडक यांच्यासाठीच ॲल्युमिनियम घ्यायचे. फायबरग्लासला जिथे तडा जाईल तिथे याला पोचा पडतो. रिव्हेट की वेल्डिंग यावर मंडळी तासन्‌तास भांडतात, पण दोन्ही पद्धतींच्या चांगल्या बोटी तीस-तीस वर्षे चालतात. जुनी रिव्हेटची बोट घेताना ट्रेलरवरच तिच्यात दोन-तीन इंच पाणी भरावे आणि खाली बसून कुठे थेंब धरतो ते पाहावे.

ॲल्युमिनियम हलके असल्यामुळे वारा बोटीला सहज ढकलतो, म्हणून पुढच्या विजेच्या मोटरवर काटकसर करू नये. भरलेल्या बोटीच्या दर शंभर पौंडांमागे निदान दोन पौंड जोर हा ठोकताळा आहे. तीन हजार पौंडांच्या बोटीला त्या हिशेबाने साठ पुरतात, पण वाऱ्यात दिवसभर एका जागी राहायचे असेल तर २४ व्होल्टची ऐंशी पौंडांची मोटर घ्यावी. मोठ्या पाण्यासाठी ३६ व्होल्टची घ्यायची असेल, तर तीन बॅटऱ्या कुठे बसतील हे आधी विचारावे. साध्या ॲसिडच्या तीन बॅटऱ्या म्हणजे पाऊण क्विंटलच्या आसपास वजन. ते सगळे मागे गेले तर बोट शेपूट टेकते. मोटरचा दांडा साठ इंचांचा असावा, नाहीतर नाळ लाटेवर उचलली की पंखा हवेत फिरतो.

वीस फुटांखालील बोटीवर माणसांची, वजनाची आणि अश्वशक्तीची मर्यादा सांगणारी पट्टी असते. ती वाचावी आणि बॅटऱ्या, जड पेट्या, जाड कपड्यांतली माणसे धरून हिशेब करावा. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून अशा बोटी वेगात चालवताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणे बंधनकारक आहे, तेव्हा ती जागेवर आहे ना, हे पाहावे. मागे शिडी हवी. थंड पाण्यात पडलेला माणूस स्वतःच्या बळावर काठ चढू शकत नाही.

एवढे जमले की पाण्यावरची चाचणी मागावी आणि तीही वाऱ्याच्या दिवशी. दोघांनी एकाच काठाला उभे राहावे, एकाने वाकून जाळे पाण्यात धरल्याचा आविर्भाव करावा आणि दुसऱ्याने रॉडने आठ काढावा. बोट किती कलते आणि कोणाची कोपरे कोणाला लागतात, ते तेव्हाच कळते.