जास्वंदीला कोंबडीखत: सोलापूरच्या जमिनीत कसं आणि किती घालावं

कोंबडीखत ताकदीचं असतं, म्हणूनच ते जपून वापरावं लागतं. शेणखतात नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का असतं. कोंबडीखतात साधारण ३ टक्के नत्र, अडीच टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि दीड टक्का पालाश (पोटॅशियम) असतं. नत्राचा मोठा भाग युरिक ॲसिडच्या रूपात असतो. ओल लागली की त्याचा झपाट्याने अमोनिया होतो आणि कोवळी मुळं करपतात. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार गेलेला असताना ताजं खत बुंध्याशी टाकलं, तर काही दिवसांतच पानांच्या कडा जळालेल्या दिसतात. त्यामुळे ताजं खत थेट झाडाला घालायचंच नाही.

खत आणताना ते ब्रॉयलरच्या शेडमधलं आहे की अंड्यांच्या कोंबड्यांचं, हे विचारून घ्या. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून लेयर कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा असतो आणि तो चुना विष्ठेत उतरतो. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर आहे, सामूही (मातीचा पीएच) वर चढलेला असतो आणि बोअरचं पाणीही जड असतं. जास्वंदीला मात्र किंचित आम्लधर्मी माती मानवते. माझ्या मते इथे ब्रॉयलरचं, तूस मिसळलेलं खतच घ्यावं.

आता ते कुजवायचं. कडुनिंबाच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर जागा धरा. एक घमेलं खत आणि दोन-तीन घमेली वाळका काडीकचरा असे थर द्या. उसाचं पाचट आपल्या जिल्ह्यात कमी नाही. ते जाळण्यापेक्षा बारीक करून इथे वापरा, ज्वारीची धसकटं आणि पालापाचोळाही चालेल. काडीकचऱ्यातला कर्ब (कार्बन) नत्राला धरून ठेवतो, नाहीतर ते वास होऊन हवेत उडून जातं. ढीग किमान तीन-साडेतीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही.

ओल तपासायला मूठभर माल दाबून बघा. मुठीतून एखाद-दुसरा थेंब सुटला की ओल बरोबर आहे. धार लागली तर पाचट वाढवा, मूठ सुटताच माल विस्कटला तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात ढिगावर ओली गोणपाटं हवीतच, कारण वाळलेला ढीग थंड पडतो आणि काम तिथेच थांबतं.

दोन-तीन दिवसांत ढीग आतून तापतो. मध्ये लोखंडी सळई खुपसून ठेवा, थोड्या वेळाने काढल्यावर ती हाताला चटका देणारी हवी. आतला भाग ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला की साल्मोनेलासारखे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. कडेच्या मालालाही ती उष्णता मिळावी म्हणून दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलथा. नाकाला रुमाल आणि हातात मोजे असू द्या. दीड-दोन महिन्यांनी उलथल्यावरही ढीग तापत नसेल, तर आणखी महिनाभर त्याला तसाच मुरू द्या.

खत झालं की नाही, यासाठी वासावर विसंबू नका. कुंडीभर मातीत चौथा हिस्सा खत मिसळा आणि मेथी पेरा. रोपं हिरवीगार उभी राहिली तर खत तयार आहे, टोकं करपली तर अजून थांबा.

जमिनीतल्या मोठ्या झाडाला एका वेळी अर्धा ते एक किलो खत पुरतं, बारा इंची कुंडीला एक मूठ. पहिला हप्ता जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर, दुसरा ऑक्टोबरमध्ये आणि तिसरा फेब्रुवारीत छाटणीनंतर द्यावा. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे छाटणीनंतरचा हप्ता चुकवू नका. कडक उन्हाळ्यात खत नको. आळं आदल्या दिवशी भिजवा. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिली, की खोडापासून वीतभर अंतर सोडून, फांद्यांच्या घेराखाली खत पसरा आणि खुरप्याने वरच्या दोन इंचांत मिसळा. वर पाचटाचं आच्छादन घालून पुन्हा पाणी द्या. काळ्या जमिनीत जास्वंदीचं शेत लावत असाल तर उंच केलेल्या गादीवाफ्यावरच लावा, सप्टेंबरच्या पावसात साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात.

जास्त खत घालण्याचा मोह आवरा. नत्र वाढलं की पानं लुसलुशीत होतात, कळ्या कमी लागतात आणि मावा, पिठ्या ढेकूण तुटून पडतात. स्फुरद साचलं की चुनखडीच्या जमिनीत आधीच अडलेलं लोह आणखी अडतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दिसलं की कोंबडीखत बंद करा आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा. पालाशासाठी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. चुलीची राख पालाश देते खरी, पण सामू आणखी चढवते, म्हणून ती आपल्या मातीत टाळलेली बरी.

अंबाडीही जास्वंदीच्याच कुळातली. भाकरीबरोबर तिचा पाला आपण खातो, त्यामुळे तिच्या वाफ्यात पूर्ण कुजलेलं खत, तेही पेरणीआधीच मिसळा आणि भाजी धुऊनच शिजवा.