कॅनडात नवीन आहात? थंडीची काळजी पुरे, या चुका टाळा

कॅनडाला निघालेल्या माणसाच्या बॅगेत थर्मल, कानटोपी आणि आईने कोंबलेला स्वेटर असतोच. थंडीची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून थंडीत फारसं कुणी फसत नाही. (जड जाकीट मात्र इथे येऊनच घ्या; पुण्यात घेतलेलं उणे वीसला पुरत नाही.) खिशाला कात्री लागते ती भलतीकडेच. आपली बरीच मंडळी टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या पट्ट्यात उतरतात, म्हणून खालचे नियम ऑन्टारिओ प्रांताचे आहेत. प्रांत बदलला की नियमही बदलतात.

डिपॉझिट निमूटपणे देणं

मुंबई-पुण्यात घर घेताना डिपॉझिट द्यायची सवय असते, त्यामुळे इथे कुणी ते मागितलं तरी आपल्याला खटकत नाही. ऑन्टारिओत घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि आगाऊ म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं एवढंच मागू शकतो. मोडतोडीच्या नावाखाली डिपॉझिट घेणं बेकायदेशीर आहे. किल्लीचं घेता येतं, पण ते किल्लीच्या खर्चाइतकंच, आणि घर सोडताना किल्ली दिली की पैसे परत. बहुतेक घरांसाठी ३० एप्रिल २०१८ पासून भाडेकराराचा सरकारी नमुना सक्तीचा आहे. ‘आपलाच माणूस, कागद कशाला?’ असं म्हणणाऱ्याकडे तो सगळ्यात आधी मागा. सिन नंबर (नोकरी आणि करासाठी सरकार देतं तो क्रमांक) मालकाला द्यायची गरज नाही. आणि भारतात बसून नुसत्या फोटोंवर पैसे पाठवू नका. ओळखीच्या कुणाला तरी घर बघून यायला सांगा. इंटरॅक, म्हणजे इथल्या बँकांच्या ऑनलाइन ट्रान्सफरने पाठवलेले पैसे एकदा समोरच्याच्या खात्यात जमा झाले की परत फिरवता येत नाहीत.

फोडणीचा धूर कॉरिडॉरमध्ये सोडणं

तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरची पडली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, की पहिला हात जातो घराच्या मुख्य दाराकडे. नेमकं तेच करायचं नाही. धूर कॉरिडॉरमध्ये गेला तर तिथला अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग खाली उतरू शकते, मागोमाग अग्निशमनाची गाडी. खिडकी उघडा, चिमणी आधीपासून चालू ठेवा, अलार्मखाली टॉवेल हलवा. त्याची बॅटरी काढून ठेवणं हा गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या. अनेक अपार्टमेंटमध्ये चिमणीची हवा बाहेर जातच नाही, गाळून पुन्हा खोलीतच येते. म्हणून जाकिटं बंद कपाटात ठेवा, नाहीतर हिंग-लसणाचा वास तुमच्याबरोबर ऑफिसला येईल.

पाटीवरची किंमत शेवटची समजणं

पाटीवर १०० डॉलर लिहिलेल्या वस्तूचे काउंटरवर ११३ होतात, कारण १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, नंतर लागतो. दूध, पीठ, भाजी यांवर तो नाही. गंमत म्हणजे पाच डोनट घेतले तर कर आहे, सहा घेतले तर नाही! टिपचं म्हणाल तर बसून जेवलात तर १५ ते २० टक्क्यांचा रिवाज आहे. काउंटरवरून चहा उचलताना मशीनने १८, २०, २५ दाखवलं तरी बिनधास्त ‘नो टिप’ दाबा, कुणी वाईट मानत नाही.

स्कूल बसच्या बाजूने गाडी काढणं

थांबलेल्या बसला ओलांडून जायची भारतातली सवय इथे महागात पडते. पिवळी बस थांबली आणि लाल दिवे लुकलुकायला लागले की दोन्ही दिशांच्या गाड्या थांबायला हव्यात; मध्ये दुभाजक असेल तरच समोरून येणाऱ्यांना सूट. पोलिसांनी पकडलं तर पहिल्याच चुकीला ४०० ते २,००० डॉलर दंड आणि सहा डिमेरिट पॉइंट (लायसन्सवर नोंदले जाणारे चुकीचे गुण). मग गाडीचा इन्शुरन्स वाढतो तो वेगळाच.

उत्पन्न नाही म्हणून टॅक्स रिटर्न न भरणं

बहुतेकांसाठी मुदत ३० एप्रिलची. मुलांसाठी सरकार देतं तो चाइल्ड बेनिफिट भत्ता चालू राहायचा असेल तर नवरा-बायको दोघांनीही दरवर्षी रिटर्न भरावं लागतं, मग एकाची कमाई शून्य का असेना. याच काळात ‘कर थकलाय, पोलीस येताहेत, गिफ्ट कार्डने भरा’ असे फोनही येतात. सरकार गिफ्ट कार्डने कर घेत नाही. वाद घालत बसू नका, फोन ठेवा, आणि शंका असेलच तर आपल्या सरकारी कर खात्यात स्वतः लॉग इन करून बाकी बघा.